खारेपाटातील उंदरांची खणती

पेण तालुक्याचा पश्चिमेकडचा, धरमतरच्या खाडीला लागून असलेला सखल पट्टा खारेपाट या नावाने ओळखला जातो. एके काळी भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही चिखलाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून खाडीपासून सोडवून घेतलेली आहे. खाडीच्या बाजूच्या मुख्य बांधाला इथे बाहेरकाठा म्हणतात आणि शेतातले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जाऊ देणाऱ्या, पण भरतीचे पाणी आत न घेणाऱ्या दारांना उघाडी म्हणतात. या बांधांच्या आड भाताचे एक पीक निघते, आणि ते पीक पिवळे पडू लागले की शेताच्या बांधांतून पोखरणीला जोर येतो. याच सुमारास डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतून कातकरी माणसे पहार, कोयता आणि गोणपाट घेऊन शेतांत उतरतात आणि बिळे खणून उंदीर काढतात. या कामाला शेतमजुरी म्हणून दाम मिळत नाही आणि शिकारीचा मानही मिळत नाही. तरीही त्याची तयारी, त्यातले कसब आणि त्यातून मिळणारा आनंद ही तिन्ही नीट मांडून ठेवण्याइतकी भरीव आहेत.

ज्या प्राण्याभोवती हे सारे काम फिरते तो घरातल्या फडताळामागचा उंदीर नव्हे. कृषिशास्त्राच्या पुस्तकांत त्याला लहान घूस म्हणतात, शास्त्रीय नाव बॅंडिकोटा बेंगालेन्सिस. पूर्ण वाढलेले जनावर साधारण पाव किलोच्या आसपास भरते, अंगावर राठ काळपट केस असतात, आणि डिवचले की ते केस उभे करून गुरगुरते. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते; भाताचे ताट ते बुंध्यापासून थोडे वर तिरके छाटते, आणि हा तिरका काप ही त्याच्या वावराची पहिली खूण असते. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असल्यामुळे आणि एका वेतात पाच-सहा किंवा अधिक पिले होत असल्यामुळे, भात पोटरीत येण्याच्या वेळी विरळ दिसणारी बिळे कापणीपर्यंत बांधाच्या दोन्ही अंगांना दाट होतात. दाणा भरू लागला की हे जनावर लोंब्या तोडून बिळात ओढून नेते आणि त्यांची साठवण करते. एका जुन्या बिळातून किलोच्या घरात, कधी त्याहून जास्त भात निघते.

शेतातल्या नुकसानीचा हा भाग सगळ्यांना दिसतो. बांधाच्या आत होणारे नुकसान मात्र उधाण येईपर्यंत दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास खाडीला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. त्या वेळी बाहेरकाठ्यावर पाण्याचा दाब वाढतो, उंदीर-घुशींनी आणि खेकड्यांनी केलेल्या पोकळ्यांतून पाणी आधी पाझरते, मग धार धरते, आणि अखेर बांध फुटून खिंडार पडते. या खिंडाराला खांड म्हणतात. एकदा खांड गेली की खारे पाणी शेतात पसरते, उभे पीक जळते, आणि मातीतले मीठ धुऊन जाईपर्यंत पुढच्या हंगामांतही जमीन पूर्ववत पिकत नाही. पूर्वी बांधांची राखण आणि डागडुजी शेतकरी आपसांत श्रम वाटून घेऊन करीत, आणि या सामाईक श्रमाला जोळ म्हणत. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा यांनंतर ही जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. खात्याचे काम मुख्यतः बांध फुटल्यावर किंवा निधी मंजूर झाल्यावर सुरू होते. बीळ लहान असतानाच ते शोधून मोकळे करण्याचे काम मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही, आणि म्हणूनच ज्यांना ते जमते त्यांच्याकडे लक्ष जायला हवे.

कातकरी किंवा काथोडी या समाजाचे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या व्यवसायाशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात म्हणून नोंदलेली आहे. अ. ना. वेलिंग यांचा या समाजावरचा इंग्रजी अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध झाला. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत डोंगरउतारावर त्यांच्या वाड्या आहेत. जंगल आटले, कात काढणे बंद पडले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, रानडुक्कर आणि बहुतेक पाखरे यांची शिकार गुन्हा ठरवली; त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांच्या यादीत, कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्याबरोबर उंदरांचीही नोंद होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच वगळली गेली, पण शेतातला उंदीर मारण्याला त्यामुळे आडकाठी आली नाही. शिकारीचे एवढे मोठे ज्ञान बाळगणाऱ्या समाजाला कायद्याच्या चौकटीत निर्धास्तपणे वापरता येईल असे क्षेत्र त्यातल्या त्यात हेच उरले, आणि सगळी हुशारी त्या एका बिळाशी एकवटली.

तयारीची सुरुवात हत्यारांपासून होते. खणतीचे मुख्य हत्यार पहार, म्हणजे छातीपर्यंत येणारा, एका टोकाला चपटा आणि धारदार केलेला लोखंडी दांडा. खारेपाटातली माती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ असते आणि कार्तिकात ऊन लागले की भेगाळून दगडासारखी होते, त्यामुळे मऊ मातीत चालणारे रुंद टोक इथे निरुपयोगी ठरते. अनुभवी माणूस हंगामाच्या आधी लोहाराकडे जाऊन पहारीचे टोक तापवून अरुंद आणि किंचित बाकदार करून घेतो, कारण असे टोक ढेकूळ फोडण्यापेक्षा उचकटून काढते आणि बिळाची भिंत ढासळू देत नाही. भिंत ढासळली की बोगद्याची दिशा हरवते, आणि दिशा हरवलेला माणूस मग दिवसभर नुसती माती उकरत बसतो. पहारीच्या जोडीला आखूड दांड्याचे फावडे किंवा नारळाची करवंटी लागते. करवंटीने बोगद्यातली भुसभुशीत माती हाताला न खरचटता आणि आवाज न करता बाहेर ओढता येते. कमरेच्या आकडीला कोयता असतो, आणि आकडी म्हणजे कोयता अडकवण्यासाठी कमरेला बांधलेली लाकडी खुंटी. गोणपाटाच्या दोन-तीन पिशव्या, त्यांतली एक जनावरांसाठी आणि दुसरी भातासाठी. बिळाच्या पळवाटांवर लावायला जुन्या मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे. धुरासाठी सुका पेंढा आणि एखादी गोवरी. काडीपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. एवढ्या सामानात खरेदी करावी अशी वस्तू जवळजवळ नसते. जाळ्याचा तुकडा मात्र आदल्या दिवशीच उजेडात धरून तपासला जातो, कारण अंगठ्याएवढे भोकही पिलाला निसटायला पुरते.

पोरे गलोल घेतात. पेरूच्या किंवा बोरीच्या दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे फुटलेल्या फांदीची, ती असते. दोन्ही फाट्यांना टायरच्या आतल्या ट्यूबच्या समान रुंदीच्या पट्ट्या आणि मधे चामड्याचा तुकडा. गोळ्या चिकणमातीच्या वळतात, सावलीत सुकवतात आणि मग निखाऱ्यात भाजतात. उन्हात घाईने सुकवलेली गोळी तडकते आणि हवेत वाकडी जाते, हे पोरांना शाळेत जाण्याच्या वयाआधीच कळलेले असते. बिळातून सुटून धावत सुटलेल्या जनावरावर गलोल चालवायची ती पाच-दहा पावलांच्या आतच, असा वडीलधाऱ्यांचा दंडक असतो, कारण खणणारी माणसे आणि कुत्रा त्याच रिंगणात असतात.

कुत्र्याची तयारी वेगळी. सकाळी त्याला पोटभर खायला घालत नाहीत. चांगला कुत्रा बांधावरून नाक जमिनीला लावून चालतो, रिकाम्या बिळापाशी थबकत नाही आणि भरल्या बिळापाशी पुढच्या पायाने दोनदा उकरून बाजूला होतो. जो कुत्रा भुंकत राहतो आणि स्वतःच बीळ उकरून टाकतो तो कितीही चपळ असला तरी खणतीच्या कामाचा नसतो. या निवडीत एक मोठी समज आहे: शोधणाऱ्याने शोधावे आणि बाजूला सरावे.

तयारीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग विचारपूस हा आहे आणि त्याला काहीही सामान लागत नाही. कोणत्या शेतात कापणी उरकली, कोणाची उडवी, म्हणजे कापलेल्या भाताच्या भाऱ्यांची रचलेली रास, अजून बांधावर आहे, आणि मुख्य म्हणजे कोणी विष घातले आहे, हे आदल्या संध्याकाळी माहीत करून घ्यावे लागते. शेतकरी सहसा झिंक फॉस्फाइडचे आमिष वापरतात. ९६ भाग भरड धान्य, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग औषध असे त्याचे प्रमाण शिफारशींत असते. पोटातल्या आम्लाशी मिळून त्यातून फॉस्फिन हा अतिविषारी वायू तयार होतो. ब्रोमाडियोलोन हे दुसरे औषध रक्त गोठू देत नाही आणि जनावर काही दिवसांनी मरते, म्हणजे विष खाल्लेले जनावर मधल्या दिवसांत धडधाकट दिसू शकते. ज्या शेतात आमिष पडले त्या शेताकडे जाणती माणसे त्या हंगामात फिरकत नाहीत. शेतकऱ्याने ही गोष्ट आपण होऊन सांगावी, निदान आमिष घातलेल्या बांधावर एखादी फांदी खोचून ठेवावी, एवढी अपेक्षा रास्त आहे आणि ती पाळली जात नाही तेव्हा धोका थेट ताटात येतो. विष घातलेल्या शेतात गव्हाणी घुबड आणि धामण यांचाही बळी जातो, आणि वर्षभर उंदीर खाणारी ही फुकटची फौज कमी झाली की पुढच्या वर्षी पुन्हा विषच विकत घ्यावे लागते.

बिळात राहणारे उपद्रवी प्राणी मारण्याचे हेच काम जगाच्या दुसऱ्या टोकाला पूर्णपणे निराळ्या पद्धतीने चालते. उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांत प्रेअरी डॉग नावाचा, नाव कुत्र्याचे पण कूळ खारीचे असलेला प्राणी बिळांच्या मोठ्या वसाहती करून राहतो. गुरे पाळणारे लोक त्याला चाऱ्याचा वाटेकरी मानतात आणि हौशी नेमबाजांना आपल्या कुरणात येऊ देतात. ते नेमबाज आठवडेच्या आठवडे तयारी करतात: लहान व्यासाची, सपाट मार्गाने जाणारी गोळी, दुर्बीण लावलेली रायफल, टेकून बसायचे मेज, अंतर मोजण्याचे यंत्र, वाऱ्याचा अंदाज. त्यांचे सारे कौशल्य दूर राहून अचूक लागण्यात आहे. पेणच्या बांधावरचे कौशल्य जवळ जाण्यात आहे, इतके जवळ की हात खांद्यापर्यंत बिळात जातो. तयारीतला जीव ओतणे दोन्हीकडे सारखेच, पण पुढचा फरक मोठा आहे. तिथे मारलेला प्राणी बहुधा जागीच राहतो, आणि त्यातले शिशाचे कण तो खाणाऱ्या गरुड-ससाण्यांच्या पोटात जातात. शिवाय प्रेअरी डॉगवर जगणारे काळ्या पायांचे फेरेट हे मुंगसासारखे दिसणारे जनावर इतके घटले की ते नामशेष झाले असे मानले गेले होते, आणि १९८१ साली वायोमिंग राज्यात त्याचा एक छोटा कळप सापडला तेव्हा कुठे त्याचा वंश वाचवता आला. खारेपाटात काढलेल्या जनावरातले जवळपास काहीच मागे पडून राहत नाही. हा फरक गरिबीतून आला असे म्हणून बाजूला सारता येत नाही. मारलेल्या जिवाचा पूर्ण उपयोग व्हावा ही शिस्त त्यात आहे.

प्रत्यक्ष खणती सुरू होते ती बांध वाचण्यापासून. ताज्या मातीच्या बारीक गोळ्यांचा ढीग आणि त्यात भुसभुशीत मातीने बुजलेले तोंड दिसले तर जनावर आत आहे. ही घूस आत शिरल्यावर तोंड स्वतःच बुजवते. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर बीळ ओसाड. तोंड उघडे, कडा घासून गुळगुळीत झालेल्या आणि आसपास ताजी माती नसेल तर सावध राहावे लागते, कारण उंदराच्या बिळात नाग किंवा धामण मुक्काम करते. अशा बिळात हात घालायचा नाही, काठी घालून वाट पाहायची, हा नियम मोडणाऱ्याला टोळीत पुन्हा कोणी घेत नाही. बीळ भरलेले ठरले की आधी पळवाट शोधतात. प्रत्येक बिळाला जमिनीच्या पृष्ठाच्या अगदी जवळ येऊन थांबलेला एक बोगदा असतो, वर मातीचा पातळ पापुद्रा ठेवलेला, संकटात डोक्याने धडक देऊन फोडायचा. तो डोळ्यांना दिसत नाही. पायाच्या तळव्याला जमीन किंचित पोकळ लागते. तिथे जाळे पसरून कडा ढेकळांनी दाबतात आणि मगच तोंडाशी पहार लागते.

तोंडातून पेंढ्याची लवचिक काडी आत सरकवून बोगदा कुठे वळतो ते पाहतात, वळणाच्या अलीकडे पहार मारतात, करवंटीने माती ओढतात, पुन्हा काडी घालतात. बोगदा कधी दोन फाटे फोडतो. एका फाट्याच्या टोकाशी लोंब्यांची कोठी असते, दुसऱ्याच्या टोकाशी पेंढ्याने मऊ केलेले घरटे. कोठी आधी लागली तर खणणारा थांबतो आणि बायका-पोरे पुढे होतात. ओलसर मातीतून लोंब्या निवडणे, झटकणे, पाखडणे, उन्हात पसरणे हे काम त्यांचे, आणि त्यातली नजर पहारीइतकीच तयार असते, कारण कोंब फुटलेला दाणा आणि चांगला दाणा तिथल्या तिथेच वेगळा करावा लागतो. माती फार कडक असेल तर तोंडाशी पेंढा पेटवून सुपाने धूर आत लोटतात. तमिळनाडूतल्या इरुळा समाजात याच कामासाठी मडक्यात पाला पेटवून तोंडाने फुंकर घालण्याची पद्धत होती. त्यात खणणाऱ्याचे ओठ भाजत आणि छातीत धूर जाई. सुपाने वारा घालण्यात वेळ जास्त लागतो, पण छाती वाचते.

शेवटच्या वितभर मातीच्या वेळी सगळे बोलणे थांबते. पहार बाजूला ठेवून माणूस गुडघ्यांवर येतो, उजवा हात आत आणि डावा तळवा जमिनीवर सपाट, कारण जनावर हलले की ते आधी डाव्या तळव्याला कळते. आतून गुरगुर ऐकू येते. मानेमागे पकडले तर चावा बसत नाही. शेपटी धरली तर ते वळून चावते. या क्षणाचा आनंद लपवण्यासारखा नाही आणि या कामाबद्दल बोलताना तो वगळून नुसती उपासमार सांगणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. त्यांच्या हंगामभराच्या दगदगीत स्वतः ठरवलेले, स्वतः वाचलेले आणि स्वतः तडीस नेलेले असे काम हेच असते. वीटभट्टीवर माती कशी मळायची ते मालक सांगतो, बांधावर बीळ कुठे वळले ते कोणी सांगत नाही.

धोके मात्र खरे आहेत. ओल्या मातीत अनवाणी उभे राहणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात पसरणाऱ्या जंतुज्वराचा, धोका असतो. पायाला किंवा हाताला झालेली बारीकशी जखमही जंतूला पुरते. गमबूट, जखमेवर पट्टी, काम संपताच साबणाने हातपाय धुणे आणि आरोग्य केंद्रातून सल्ल्याने मिळणारी डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी, हे चार उपाय पहारीइतकेच तयारीचा भाग व्हायला हवेत. गमबूट घातला की पायाच्या तळव्याला पोकळी कळत नाही ही खणणाऱ्यांची अडचण रास्त आहे. पळवाट शोधण्यापुरते काठीच्या टोकाने ठोकून पाहण्याची सवय त्यावर उपयोगी पडते.

खणून झाल्यावर बांध उघडा टाकणे हा या कामातला सगळ्यात मोठा दोष, आणि शेतकऱ्यांची तक्रारही याचीच असते. चांगली टोळी उकरलेली माती थराथराने परत भरते, प्रत्येक थर टाचेने दाबते आणि वर गवताचे तण बसवते. यासाठी तासभर जास्त लागतो आणि त्या तासाचे पैसे कोणी देत नाही. पोकळी शोधणे, जनावर काढणे आणि बांध पुन्हा भरीव करणे या तिन्ही गोष्टी एकत्र करणारे एवढे तयार मनुष्यबळ तालुक्यात असताना, बाहेरकाठ्याच्या देखभालीत त्यांना हंगामी रोजगार देणे हे विषाच्या पुड्या वाटण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे. मातीकाम रोजगार हमीत बसते. बीळ शोधण्याचे कसबही त्यात बसवणे अवघड नाही.

रोहा तालुक्यात चित्र थोडे निराळे आहे. तिथे कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांमुळे पुष्कळ गावांत उन्हाळी भातही होते, म्हणजे उंदरांना खायला दोन हंगाम मिळतात आणि त्यांची वीण मधे फारशी थांबत नाही. खणतीला मात्र उन्हाळ्यात माणसे नसतात, कारण दिवाळीनंतर उचल, म्हणजे मजुरीतून पुढे वळती होणारी आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून गेलेली असतात.

संध्याकाळी वाडीवर जाळ होतो. जनावरे आधी जाळावर फिरवून केस जाळतात, कोयत्याच्या पाठीने खरवडून काढतात, पोट फाडून आतडी काढून टाकतात, पाण्याने दोनदा धुतात आणि मीठ, हळद, मिरची लावून निखाऱ्यावर भाजतात किंवा रस्सा करतात. शेतातला, भातावर वाढलेला उंदीरच खाल्ला जातो. घरातला किंवा गटारातला कोणी तोंडाला लावत नाही, आणि हा भेद बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना त्यांच्या आवाजात जी धार येते ती स्वाभाविक आहे. वाटणी टोळीत सारखी होते. जो दिवसभर नुसते जाळे धरून बसला त्यालाही तेवढाच वाटा, कारण जाळे सैल सुटले असते तर वाटायला काही राहिलेच नसते. भात मात्र ज्या घरच्या बाईने पाखडले त्या घरी जाते.

भट्टीवर न गेलेली म्हातारी माणसे पौषात पुन्हा बांधावर दिसतात. भाताच्या मागून शेतातल्या ओलीवर पेरलेला वाल तेव्हा शेंगांवर आलेला असतो, गावोगाव पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खाण्याच्या बेतासाठी, त्याच शेंगा मडक्यांत भरल्या जात असतात, आणि उंदीरही त्यांवर आलेले असतात. उभ्या वालात पहार मोकळेपणी चालवता येत नाही, रोपाचे मूळ दुखावते. म्हणून तिथे खणणे कमी, धूर आणि जाळे जास्त. काम हळू चालते, पण म्हातारपणी तेच झेपते, आणि शेतावरून निघताना पाटीत ओंजळभर शेंगाही पडतात.